पोलादी की कार्बन? एअर रायफलसाठी हवेच्या टाकीची निवड

१० मीटर नेमबाजी करणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये रायफल कोणत्या कंपनीची घ्यावी, जाकीट किती घट्ट असावे, छर्ऱ्यांचा कोणता लॉट नळीला मानवतो यांवर तासन्‌तास चर्चा चालते. ज्या टाकीतून त्या रायफलीत हवा भरायची ती टाकी मात्र रेंजवर कोणीतरी सुचवली म्हणून घेतली जाते, आणि गेल्या काही वर्षांत सुचवणारा जवळजवळ नेहमीच कार्बन फायबरची, ३०० बारची टाकी सुचवतो (बार हे दाबाचे एकक, एक बार म्हणजे जवळजवळ बाहेरच्या हवेइतका दाब). आमच्या घरात दोन टाक्या आहेत. एक १२ लिटरची, २३२ बारची, पोलादी, दुसरी ६.८ लिटरची, ३०० बारची, कार्बन फायबरची. मुलगी १० मीटर एअर रायफल चालवते, पुतण्याकडे स्पोर्टिंग प्रकारची एअर रायफल आहे, आणि दोघांची भरणी घरीच होते. दोन्ही टाक्या पुरेशा वापरून झाल्यावर माझे मत असे झाले आहे की स्पर्धेची १० मीटर रायफल किंवा पिस्तूल चालवणाऱ्या मुंबईकराने कार्बनच्या टाकीवर पैसे घालण्याचे कारण फारसे उरत नाही. हे मत रेंजवरच्या रूढ सल्ल्याच्या विरुद्ध जाते, म्हणून त्यामागचा हिशेब सविस्तर मांडते.

आधी बंदुकीला हवा लागते किती ते पाहू. स्पर्धेच्या एअर रायफलमधून ४.५ मिलिमीटर व्यासाचा, जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा छर्रा साडेसात ज्यूलच्या आसपास ऊर्जा घेऊन बाहेर पडतो, आणि एवढ्या कामासाठी लागणारी हवा अगदी थोडी असते. नळीखालच्या सिलिंडरची धारणा साधारण २०० घन सेंटिमीटर असते, बहुतेक कंपन्यांनी त्याचा कमाल दाब २०० बार ठरवलेला असतो, आणि सिलिंडरमधला दाब ७०-८० बारच्या वर असेपर्यंत दाब एकसारखा राखणारा आतला रेग्युलेटर प्रत्येक छर्ऱ्यामागे सारखीच हवा सोडत राहतो. सिलिंडरमध्ये २०० बार आहेत की १२०, हे लक्ष्यावरच्या छिद्राला कळत नाही. पात्रता फेरीत ६० छर्रे ७५ मिनिटांत मारायचे असतात, त्याआधी १५ मिनिटे तयारीची आणि नेम जुळवण्याची; हे सगळे धरले तरी १५० बारपर्यंत भरलेला सिलिंडर रायफलचा संपूर्ण सामना पार पाडतो आणि वर हवा उरते. सिलिंडर दर वेळी पूर्ण भरला नाही तर रायफलीचा तोल बदलतो, असा एक आक्षेप घेतला जातो. २०० बारला सिलिंडरमधल्या हवेचे वजन पन्नास ग्रॅमांच्या आत असते आणि १५० बारला त्यातले दहा-बारा ग्रॅम कमी होतात. साडेपाच किलोंपर्यंत वजनाची परवानगी असलेल्या रायफलीत ज्याला हा फरक जाणवतो त्याच्यापुढे मी हात जोडते. आमच्या मुलीला जाणवत नाही.

आता टाकीकडे येऊ. टाकीतली हवा कोणी ढकलत नाही. ती जास्त दाबाकडून कमी दाबाकडे आपोआप वाहते आणि दोन्हीकडचा दाब सारखा झाला की थांबते. त्यामुळे टाकीत एकूण किती हवा आहे हा प्रश्न दुय्यम ठरतो आणि आपल्याला हव्या असलेल्या दाबाच्या वर किती हवा आहे हा खरा प्रश्न होतो. २०० बारची टाकी घेऊन २०० बारचा सिलिंडर काठोकाठ भरू पाहणाऱ्याला पहिल्याच भरणीत थोडे कमी मिळते आणि पुढे प्रत्येक वेळी आणखी कमी, भले ती टाकी केवढीही मोठी असो. सिलिंडर १०० बारवरून २०० बारवर न्यायचा तर साध्या हिशेबाने (०.२ लिटर गुणिले १०० बार) २० लिटर हवा लागते. ६.८ लिटरच्या कार्बन टाकीत २०० च्या वर १०० बार आहेत, म्हणजे ६८० लिटर, म्हणजे ३४ भरण्या. १२ लिटरच्या पोलादी टाकीत २०० च्या वर ३२ बार आहेत, म्हणजे ३८४ लिटर, म्हणजे १९ भरण्या. विक्रेते हाच हिशेब दाखवतात आणि कार्बन विकतात.

या हिशेबात दोन गोष्टी लपलेल्या आहेत. पहिली अशी की ३०० बारला हवा शाळेत शिकलेल्या बॉइलच्या नियमाप्रमाणे वागत नाही. रेणू इतके दाटीवाटीने बसतात की त्यांचे स्वतःचे आकारमान आड येऊ लागते, आणि टाकीत साध्या गुणाकाराने येणाऱ्या आकड्यापेक्षा जवळजवळ दहा टक्के कमी हवा मावते. २३२ बारला हीच तूट पाच टक्क्यांच्या आसपास असते. ही दुरुस्ती केली की कार्बनच्या ३४ भरण्या २८ वर येतात आणि पोलादाच्या १९ भरण्या १७ वर. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, ती म्हणजे हा सारा हिशेब २०० बारच्या हट्टावर उभा आहे. तोच सिलिंडर ८० बारवरून १५० बारपर्यंत भरायचा ठरवले, जे १० मीटरच्या कोणत्याही सामन्याला पुरते, तर तूट धरूनही दोन्ही टाक्यांतून साठाच्या आसपास भरण्या निघतात आणि पोलादी टाकी तसूभर पुढेच राहते. रोज एकदा भरणाऱ्यालाही दोन महिने टाकी हलवावी लागत नाही. पिस्तुलाचा सिलिंडर रायफलीच्या सिलिंडरपेक्षा लहान असल्यामुळे त्याच्या भरण्या याहून जास्त होतात.

मग ३०० बारची टाकी कोणाला हवी? शस्त्र नियम, २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतची आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेची एअरगन परवान्याशिवाय बाळगता येते, आणि या मर्यादेच्या काठावरच्या स्पोर्टिंग रायफली एका छर्ऱ्यामागे स्पर्धेच्या रायफलीपेक्षा कितीतरी अधिक हवा खातात. त्यांच्यातल्या पुष्कळशा २५० बारपर्यंत भरायच्या असतात, काही ३०० पर्यंत. २३२ बारची टाकी तिथे पहिल्या भरणीपासूनच अपुरी पडते. पुतण्याच्या रायफलीसाठी कार्बनची टाकी घेतली ती याच कारणाने, आणि त्या कामाला ती उत्तम आहे. एकाच टाकीवर दहा-बारा मुलांच्या बंदुका भरणाऱ्या प्रशिक्षकालाही ती सोयीची पडेल, पण त्याने एका मोठ्या टाकीऐवजी दोन टाक्या ठेवाव्यात, एक १५० पर्यंतच्या भरणीसाठी आणि दुसरी फक्त वरचा टप्पा गाठण्यासाठी, असे मी सुचवेन. अशाने ३०० बारची हवा खालच्या दाबाच्या भरणीत वाया जात नाही.

कार्बनच्या टाकीचे गुण डोळ्यांत भरणारे आहेत. आत ॲल्युमिनियमचे पातळ अस्तर, त्यावर रेझिनमध्ये भिजवलेल्या कार्बन तंतूंचे वेढे आणि वर काचतंतूंचा संरक्षक थर, अशी तिची बांधणी असते. रिकाम्या टाकीचे वजन चार किलोंच्या आसपास असते, आणि गंमत म्हणजे पूर्ण भरल्यावर आतल्या हवेचेच वजन दोन किलोंवर जाते. गिरगावातल्या किंवा लालबागमधल्या लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला हा हलकेपणा मोठा वाटणार, यात शंका नाही. आमच्या पोलादी टाकीला व्हॉल्व्हसकट चौदा-पंधरा किलोंचे ओझे आहे आणि ती जिन्यावरून एकट्याने नेणे मी टाळते. मात्र टाकी रोज हलवायची नसते. ती कोपऱ्यात उभी राहते आणि दीड-दोन महिन्यांतून एकदा भरायला जाते. त्या एका फेरीसाठी किती पैसे मोजायचे, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा, कारण कार्बनची टाकी पोलादीच्या कित्येक पट महाग पडते.

कार्बनचे दोष दुकानात दिसत नाहीत. अमेरिकी परवान्याने बनलेल्या अशा बहुतेक टाक्यांचे आयुष्य १५ वर्षे ठरवून दिलेले असते आणि ते मोजायचे निर्मितीच्या तारखेपासून, आपण विकत घेतल्या दिवसापासून नव्हे. गोदामात चार वर्षे पडून राहिलेली टाकी नवी म्हणून घेणाऱ्याने चार वर्षे आधीच गमावलेली असतात. काही युरोपीय टाक्यांना अशी कालमर्यादा नसते, पण ठराविक वर्षांनी चाचणी त्यांनाही चुकत नाही. पोलादी टाकीला ओरखडा गेला तर रंग जातो. कार्बनच्या टाकीला खोल चीर गेली तर भार पेलणारे तंतूच तुटतात, आणि टाकी आपटल्यावर वरून काही दिसले नाही तरी जाणकाराला दाखवल्याशिवाय ती पुन्हा भरू नये. कडक ऊन आणि रंग पातळ करण्याची द्रावणे रेझिनला अपाय करतात. तळ गोल असल्यामुळे ती स्वतःच्या पायावर उभी राहत नाही, त्यामुळे रबरी बूड किंवा स्टँड आलाच. संरक्षणासाठी कापडी खोळ घालतात ती चांगली, पण जून ते सप्टेंबर त्या खोळीत ओल धरून राहते आणि व्हॉल्व्हच्या मानेशी पांढरट गंज दिसू लागतो. पावसाळ्यात मी खोळ काढून ठेवते.

पोलादाचा शत्रू एकच, गंज, आणि मुंबईत तो दोन्ही बाजूंनी येतो. बाहेरून खारी हवा असते. रबरी बुडाच्या आत पाणी साचले तर तळाचा रंग प्रथम सुटतो, म्हणून ते बूड अधूनमधून काढून पुसावे. आतून येणारा गंज अधिक वाईट, आणि त्याचे मूळ टाकीत नसून ती भरणाऱ्याच्या कॉम्प्रेसरमध्ये असते.

जुलैतल्या मुंबईत हवेचे तापमान २८ अंशांच्या आसपास आणि आर्द्रता ८५ टक्के धरली, तर एका घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम पाण्याची वाफ असते. ६.८ लिटरची टाकी ३०० बारपर्यंत भरायला बाहेरची पावणेदोन घनमीटरांहून अधिक हवा आत ओढावी लागते. तिच्याबरोबर चाळीस ग्रॅमांवर पाणी येते, आणि १२ लिटरच्या पोलादी टाकीच्या बाबतीत साठ ग्रॅम. चांगल्या कॉम्प्रेसरमध्ये प्रत्येक टप्प्यानंतर हवा थंड होऊन बरेचसे पाणी गळून जाते आणि उरलेले शेवटच्या गाळणीतला मॉलिक्युलर सीव्ह शोषून घेतो. ही गाळणी ठराविक तासांनंतर निकामी होते आणि पावसाळ्यात तर फारच लवकर होते. जो भरणारा कोरड्या ऋतूच्या हिशेबाने गाळणी बदलतो तो आपल्या टाकीत पाणी घालून देतो. एका पावसाळ्यात आमच्या पोलादी टाकीची आतून तपासणी करून घेतली तेव्हा तळाशी तांबूस डाग सापडला. वेळेत सापडल्यामुळे टाकी साफ होऊन परत आली, पण हाच गंज कण होऊन सुटला तर आधी भरणीच्या अडॅप्टरच्या जाळीत आणि मग रायफलीच्या रेग्युलेटरमध्ये जातो, आणि रेग्युलेटरची दुरुस्ती टाकीच्या तपासणीपेक्षा खूप महाग पडते. ज्याच्याकडे भरून घेत होतो तिथे जाणे बंद केले.

मुंबईत ३०० बारची हवा भरून देणारे मुख्यतः अग्निशमन साहित्याचे व्यावसायिक आहेत, कारण अग्निशामकांच्या पाठीवरच्या श्वसनसंचांसाठी त्यांना तसा कॉम्प्रेसर ठेवावाच लागतो. पाणबुड्यांसाठी टाक्या भरणारे सहसा २०० ते २३२ बारवर थांबतात. कार्बनची टाकी त्यांच्याकडे नेली तर ती सत्तर-ऐंशी टक्केच भरून परत येते आणि जादा मोजलेल्या पैशांचा लाभ तिथेच संपतो. दोन्ही ठिकाणी हवा श्वसनाच्या दर्जाची असावी लागते ही आपल्या दृष्टीने भाग्याची गोष्ट, कारण माणसाच्या फुफ्फुसाला जी हवा चालते ती बंदुकीलाही चालते. भरणाऱ्याला मी गाळणी शेवटची कधी बदलली ते विचारते आणि नोंदवही दाखवायला सांगते. जो दाखवत नाही त्याच्याकडे टाकी सोडत नाही.

भरण्याचा वेगही पाहावा. सध्या आम्ही जिथे जातो तिथला कारागीर मनाने चांगला आहे, पण घाईचा. "ताई, गेज बघा, तीनशे पूर्ण," असे तो म्हणतो तेव्हा टाकी हाताला चांगलीच गरम लागत असते. हवा वेगाने दाबली की तापते. ६० अंशांवर दिसणारे ३०० बार घरी येऊन ३० अंशांवर निवले की २७३ च्या आसपास उतरतात, आणि मग ग्राहकाला वाटते की व्हॉल्व्ह गळतो आहे. "दादा, सावकाश भरा, मी तासाभराने येते," एवढे सांगून निघून जाणे हा त्यावरचा उत्तम उपाय आहे. कार्बनच्या टाकीला हे जास्तच लागू पडते, कारण तंतूंचे वेष्टण उष्णता बाहेर जाऊ देत नाही. पोलादी टाकी लवकर निवते.

हवा मिळाली नाही म्हणून औद्योगिक वा वैद्यकीय ऑक्सिजन भरण्याचा विचार कोणाच्याही मनात येऊ नये. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेला-ग्रीसचा अंश एकत्र आला की स्फोट होतो आणि आतले ॲल्युमिनियमही पेट घेते. याबाबत "एकदाच भरून बघू" असे म्हणणारा भेटला तर त्याच्याशी वाद न घालता तिथून निघावे.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा आहे, पण मुंबईत टाकी निवडताना तोच निर्णायक ठरतो. गॅस सिलिंडर नियम, २०१६ हे ५०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या सिलिंडरांना लागू होतात. रायफलीचा २०० घन सेंटिमीटरचा सिलिंडर त्यांच्या कक्षेबाहेर राहतो, आपली टाकी मात्र आत येते. हे नियम पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो, राबवते. तिचे मुख्यालय नागपुरात आहे. परदेशी बनावटीची टाकी भारतात आणायला मुख्य स्फोटक नियंत्रकांची मंजुरी लागते, आणि ही मंजुरी विक्रेत्याने दाखवायची असते, ग्राहकाने शोधायची नसते. सामानाच्या बॅगेतून आलेली किंवा "सर्टिफिकेट मागाहून येईल" या आश्वासनावर मिळणारी टाकी कितीही स्वस्त असली तरी पुढच्या चाचणीच्या वेळी ती कोणी हातात घेत नाही, आणि चाचणीची तारीख उलटलेली टाकी प्रामाणिक भरणारा भरत नाही. रिक्षा-टॅक्सीतल्या सीएनजी सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी होते हे मुंबईत सर्वांना ठाऊक आहे. पोलादी सिलिंडरांची पाण्याच्या दाबाने चाचणी करणारी मान्यताप्राप्त केंद्रे त्यामुळे शहराच्या आसपास सहज सापडतात. कार्बनच्या टाकीची चाचणी यांतले सगळेच करत नाहीत. तिची पद्धत वेगळी, नाकारण्याचे निकष वेगळे. टाकी विकत घेण्याआधीच आपल्या टाकीची चाचणी कोण करील ते नाव विक्रेत्याकडून लिहून घ्यावे, असा माझा आग्रह आहे.

टाकीच्या खांद्यावर ठोकलेले, किंवा कार्बनच्या बाबतीत रेझिनखालच्या चिठ्ठीवर छापलेले आकडे वाचायला शिकणे अवघड नाही. कामाचा दाब, चाचणीचा दाब, पाण्याची धारणा, रिकामे वजन, क्रमांक आणि चाचणीची तारीख एवढे त्यात असते. युरोपीय पद्धतीच्या टाकीत चाचणीचा दाब कामाच्या दाबाच्या दीडपट असतो, म्हणून ३०० च्या जोडीला ४५० आणि २३२ च्या जोडीला ३४८ दिसायला हवा. अमेरिकी टाकीवर ४५०० पीएसआय (प्रति चौरस इंच पौंड) लिहिलेले असते, ते ३१० बार होतात. भारतीय कारखान्यांत औद्योगिक वायूंसाठी बनणारे १५० बारचे पोलादी सिलिंडर दिसायला थेट तसेच असतात आणि कधीकधी एअर रायफलची टाकी म्हणून स्वस्तात पुढे केले जातात. त्यांच्या पोलादात खोट नसते, पण आपल्या कामाला त्यांचा दाब कमी पडतो.

जुन्या टाक्यांबद्दल एक सावधगिरी सांगायलाच हवी, कारण जुनी जहाजे तोडण्याची जागा, रे रोडजवळचा दारूखाना, मुंबईतच आहे. जहाजावर अग्निशामकांचे श्वसनसंच ठेवणे आंतरराष्ट्रीय नियमांनी बंधनकारक असते आणि त्या संचात किमान १२०० लिटर हवा असावी लागते. ६ लिटरच्या टाकीत २०० बार भरले की ही अट पुरी होते. त्यामुळे जहाजतोडणीच्या मालातली टाकी हाती आली तर ती २०० बारची असण्याची शक्यता बरीच असते. वरून नवा पिवळा रंग मारलेला असतो आणि खालची तारीख त्या रंगात बुजलेली असते. रंग खरवडून तारीख पाहू न देणाऱ्याकडून अशी टाकी मी फुकटातही घेणार नाही.

व्हॉल्व्हच्या बाबतीत आटे मोजावेत. डिन (जर्मन मानक) पद्धतीचा २३२ बारपर्यंतचा जोड पाच आट्यांचा असतो आणि ३०० बारचा सात आट्यांचा. सात आट्यांचा जोड दोन्ही व्हॉल्व्हांत बसतो. पाच आट्यांचा जोड ३०० बारच्या व्हॉल्व्हमध्ये तळापर्यंत पोहोचत नाही आणि ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, बसत नाही, आणि ही गैरसोय मुद्दाम ठेवलेली आहे, जेणेकरून कमी दाबाचे सामान जास्त दाबावर चढू नये. नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात हवे ते आटे पाडून देणारे कारागीर आहेत, त्यांच्या हाताला मी मानते, पण टाकीच्या मानेचा आणि व्हॉल्व्हचा आटा जुळवून घेण्याचे काम त्यांच्याकडे नेऊ नये. इथे थोडासा फरकही व्हॉल्व्ह उडवू शकतो. वॉल्थर, फाइनवेर्कबाउ, स्टायर, मोरिनी यांच्या सिलिंडरांना लागणारे भरणीचे अडॅप्टर वेगवेगळे असतात, म्हणून टाकीबरोबर आपल्या बंदुकीचा अडॅप्टर, दाब सोडायचा स्क्रू आणि सुट्या ओ-रिंगा लगेच घेऊन ठेवाव्यात.

३०० बारच्या टाकीवर २०० बारचा सिलिंडर चढवताना मर्यादा पाळणारे दुसरे काही नसते, फक्त व्हॉल्व्हवरचा हात असतो. घरात तेरा-चौदा वर्षांची मुले स्वतः भरत असतील तर २०० बारवर आपोआप थांबणारा रेग्युलेटर मध्ये बसवावा. पोलादी २३२ च्या टाकीत हा धोका आपोआप बराच कमी होतो, आणि मुलीच्या रायफलीसाठी मी तीच टाकी वापरते त्याचे हेही एक कारण आहे. टाकीवरच्या गेजवर फार विसंबू नये, १.६ वर्गाचा, म्हणजे कमाल आकड्याच्या १.६ टक्के चूक मान्य असलेला, ४०० बारचा गेज सहा बारांपर्यंत इकडेतिकडे दाखवू शकतो आणि तरी तो सदोष ठरत नाही. बंदुकीच्या सिलिंडरचेही आयुष्य असते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांत ते जास्तीत जास्त दहा वर्षे धरले जाते आणि तारखेची जबाबदारी नेमबाजावर टाकलेली आहे.

टाकी नेण्या-आणण्याबद्दल थोडेसे. दाबाखालचा वायू रेल्वेच्या दृष्टीने धोकादायक माल ठरतो, त्यामुळे लोकलमधून टाकी नेण्याचा विषयच संपतो, मग ती पाठीवरच्या बॅगेत मावणारी असो. स्वतःच्या गाडीत आडवी ठेवून, व्हॉल्व्ह झाकून आणि पट्ट्याने बांधून न्यावी. भरलेल्या ६.८ लिटरच्या टाकीत चार लाख ज्यूलच्या घरात ऊर्जा असते, आणि आपण त्यातून एका वेळी साडेसात ज्यूलचा छर्रा मारतो, हे ध्यानात असले की ती स्वयंपाकघराच्या दारामागे किंवा उन्हाच्या बाल्कनीत ठेवण्याचा मोह होत नाही. टाकी पूर्ण रिकामी करू नये. वीस बार तरी आत ठेवावेत, म्हणजे बाहेरची दमट हवा आत शिरत नाही.

हातपंप आणि घरगुती कॉम्प्रेसर हे पर्याय लोक विचारतात. हातपंपाने एक भरणी करायला शंभराहून अधिक वेळा दांडा वरखाली करावा लागतो आणि १५० च्या पुढे तो अंगावर येतो. सरावाआधी नेमबाजाचे हात थरथरणे कोणालाच परवडत नाही. छोटे विजेचे कॉम्प्रेसर बंदुकीचा सिलिंडर थेट भरायला ठीक आहेत, पण त्यांच्यावर अख्खी टाकी भरू लागलात तर ते तापतात, गाळणी लगेच ओली होते, आणि सोसायटीतल्या शेजाऱ्यांशी संबंध बिघडतात ते वेगळेच.

ज्यांचे मूल नुकतेच रेंजवर जाऊ लागले आहे त्यांनी पहिले वर्षभर कोणतीच टाकी घेऊ नये. क्लबची टाकी असतेच आणि मूल खेळात टिकेल की नाही तेही तोवर कळते. त्यानंतर घ्यायची झाली तर १२ लिटर किंवा १० लिटर, २३२ बार, सांधरहित पोलाद, पेसोची मंजुरी आणि अलीकडची चाचणी, एवढे पाहावे. तिसऱ्या मजल्याचा जिना फारच जाचत असेल, किंवा बंदूकच २५० बारची असेल, तर कार्बन घ्यावी आणि तिचे उरलेले आयुष्य विचारून मगच किंमत ठरवावी. आमची कार्बनची टाकी पुतण्याकडे तिची मुदत संपेपर्यंत राहील. तिच्या जागी पुन्हा तशीच घ्यायची का, हे तेव्हा मुंबईत तिची चाचणी कोण आणि किती दिवसांत करून देते यावर आम्ही ठरवू.